व्हिडिओ कॉन्फरन्सिंग उपकरणांवर दुरून देखरेख: प्रोटोकॉल कसा निवडावा?

आयसीएमपी, एसएनएमपी, एचटीटीपी, आरटीसीपी ही नावे तुम्ही संगणक जाळ्यांच्या पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत वाचलेली असतात आणि बहुतेकांच्या व्याख्याही पाठ असतात. पण तोंडी परीक्षेत "चार गावांतल्या साठ व्हिडिओ कॉन्फरन्सिंग संचांवर एका ठिकाणाहून लक्ष ठेवायचे आहे, काय वापराल?" असे विचारले, की दहापैकी आठ जण एकाच शब्दात उत्तर देतात: एसएनएमपी. हे उत्तर चूक नाही, अर्धवट आहे. उरलेले अर्धे काय, ते या टिपणात पाहू.

त्यासाठी एक ठोस उदाहरण घेऊ. म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरात अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. ती १९६५ साली स्थापन झाली. बोलण्यात किंवा ऐकण्यात अडचण असलेल्या मुलांची आणि मोठ्यांची तपासणी व उपचार हे तिचे काम. ज्यांना म्हैसूरला येणे परवडत नाही त्यांच्यासाठी व्हिडिओद्वारे दूरस्थ उपचारही केले जातात. अशा कामासाठी जाळे कसे असेल, याची आपण अभ्यासापुरती कल्पना करू: केंद्र म्हैसूरला आणि बेळगाव, कोल्हापूर व सोलापूर येथे काही खोल्या. प्रत्येक खोलीत कॅमेरा, मायक्रोफोन, पडदा आणि त्यांना जोडणारा कोडेक संच. (ही रचना आपली, उदाहरणासाठीची आहे, संस्थेच्या प्रत्यक्ष जाळ्याचे हे वर्णन नाही.)

आता बेळगावच्या खोलीत सहा वर्षांचा मुलगा बसला आहे आणि म्हैसूरला बसलेल्या वाक्‌चिकित्सक बाई त्याचा 'स' आणि 'श' ऐकत आहेत. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च तो वेगळा उच्चारतो का, हेही त्यांना पाहायचे आहे. या ध्वनींचा फरक मुख्यतः वरच्या कंप्रतांमधल्या घर्षणात असतो. 'स'ची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते. कॉल जी.७२२ या कोडेकवर चालू असेल तर सुमारे ७,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पोहोचतो. पण मधल्या एखाद्या गेटवेमुळे कॉल जी.७११वर आला, तर टेलिफोनसारखा ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज उरतो. मग मुलगा 'स' नीट म्हणत असला तरी बाईंना तो बोथट ऐकू येईल आणि नोंद चुकीची होईल. उलट, त्याची खरी अडचणही झाकली जाऊ शकते.

या सर्व वेळी देखरेखीच्या पडद्यावर बेळगावचा दिवा हिरवाच असतो. पिंगला उत्तर येते, संचाचे तापमान ठीक आहे, पोर्ट चालू आहे. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: हिरवा दिवा नेमकी कशाची हमी देतो?

हिरव्या दिव्याचे थर

पिंग म्हणजे आयसीएमपीची प्रतिध्वनी-विनंती. तिला उत्तर देते ते उपकरणाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे गाभ्याचे सॉफ्टवेअर. कॉल हाताळणारा प्रोग्राम अडकून पडला तरी गाभा उत्तर देत राहतो. त्यामुळे पिंग सांगतो ते एवढेच, की या पत्त्यावर वीज आहे आणि मार्ग मोकळा आहे. उलट बाजूही ध्यानात ठेवा. अनेक ठिकाणी फायरवॉल आयसीएमपी अडवते, म्हणजे पिंग न येणे हा बिघाडाचा पुरावा होत नाही.

एसआयपी वापरणाऱ्या संचाला OPTIONS नव्हे, तर देवनागरीत सांगायचे तर 'ऑप्शन्स' नावाची विनंती पाठवता येते. आरएफसी ३२६१प्रमाणे, त्या क्षणी खरा कॉल आला असता तर जो प्रतिसाद मिळाला असता तोच या विनंतीलाही मिळायला हवा: मोकळा असेल तर २००, व्यग्र असेल तर ४८६. म्हणजे इथे कॉल हाताळणारा प्रोग्रामच उत्तर देतो. एच.३२३च्या जुन्या संचांत हेच काम गेटकीपरकडची नोंदणी करते. ठरावीक मुदतीत नोंदणीचे नूतनीकरण झाले नाही तर संच गळाला असे समजावे. माझ्या मते, फक्त एकच तपासणी परवडत असेल तर ती पिंगऐवजी ही असावी.

कोडेक कोणता, किती पॅकेट हरवली, आवाज किती हेलकावे खातो, हे मात्र यांपैकी कोणीच सांगत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष माध्यमप्रवाहाकडे जावे लागते. तिकडे थोड्या वेळाने वळू.

एसएनएमपीचे खरे बळ आणि त्याच्या खोड्या

एसएनएमपी १९८८ सालचे. चाळिशीकडे झुकलेला हा प्रोटोकॉल अजून टिकून आहे, कारण राउटर, स्विच, यूपीएस, प्रोजेक्टर, कोडेक संच असे जवळपास सगळेच तो बोलतात. व्यवस्थापक यूडीपी पोर्ट १६१वर विचारतो, उपकरण उत्तर देते. काही घडले तर उपकरण स्वतःहून पोर्ट १६२वर 'ट्रॅप' पाठवते. काय विचारता येते याची शाखा-उपशाखांची यादी म्हणजे एमआयबी. बहुमाध्यमी उपकरणांसाठी आयटीयूने एच.३४१ ही वेगळी एमआयबी केली आहे. मात्र निविदेत "एसएनएमपी आहे" एवढे वाचून समाधान मानू नका. संच त्यातल्या कोणत्या शाखांना उत्तर देतो ते snmpwalk, म्हणजे 'एसएनएमपी-वॉक' आज्ञा चालवून स्वतः पाहा. बऱ्याचदा पोर्ट आणि चालू राहण्याचा काळ यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

इथे एक आकडेमोड करू, कारण परीक्षेत आणि नोकरीत दोन्हीकडे ती उपयोगी पडते. पोर्टवर किती बाइट आले हे मोजणारा जुना गणक ३२ बिटांचा आहे. ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की तो पुन्हा शून्यावर येतो. कॉल ४ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने चालू असेल, म्हणजे सेकंदाला ५ लाख बाइट, तर गणक सुमारे ८,५९० सेकंदांनी, म्हणजे दोन तास तेवीस मिनिटांनी फिरतो. काळजीचे कारण नाही. पण ज्या स्विचमधून हा संच बाहेर पडतो त्याचे १ गिगाबिटचे पोर्ट पूर्ण भरलेले असेल, तर तोच गणक साधारण ३४ सेकंदांत फिरतो. तुम्ही दर पाच मिनिटांनी विचारत असाल तर मधल्या काळात तो आठ वेळा फिरून गेलेला असेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. एकदा फिरला तर हिशेब दुरुस्त करता येतो, अनेकदा फिरला तर नाही. म्हणून ६४ बिटांचे गणक वाचावेत. ते आवृत्ती १मध्ये मिळत नाहीत, त्यासाठी २सी किंवा ३ लागते.

आवृत्ती निवडण्याचे दुसरे कारण सुरक्षेचे. १ आणि २सीमध्ये 'कम्युनिटी' नावाचा परवलीचा शब्द उघड्यावर प्रवास करतो. आणि कित्येक उपकरणांत तो कारखान्यातून आलेला 'पब्लिक' असाच राहिलेला असतो. आवृत्ती ३मध्ये ओळख पटवणे आणि मजकूर कूटबद्ध करणे या दोन्ही सोयी आहेत, पण त्या आपण चालू कराव्या लागतात. दोन्ही बंद ठेवूनही आवृत्ती ३ चालते, हे विसरू नका.

ट्रॅपबद्दल एक गोष्ट. तो यूडीपीवर एकदाच जातो, पोचपावती नाही. जाळे बिघडले हे सांगणारा निरोप त्याच बिघडलेल्या जाळ्यातून निघतो आणि वाटेत हरवतो. पोचपावती मागणारा 'इन्फॉर्म' हा प्रकार २सीपासून आहे, तो मिळत असेल तर वापरावा. तरीही अधूनमधून विचारणे थांबवू नये.

जोडणी कोण उघडतो?

आता निवडीचा मुख्य मुद्दा. एकाच इमारतीत, एकाच जाळ्यात देखरेख करायची असेल तर वरचे सगळे सुरळीत चालते. अडचण सुरू होते ती जाळ्याची सीमा ओलांडताना.

सोलापूरच्या खोलीतल्या संचाचा पत्ता १९२.१६८.१.२० आहे. कोल्हापूरच्या संचाचाही तोच आहे, कारण दोन्हीकडच्या राउटरवर कारखान्यातलीच मांडणी ठेवलेली आहे. म्हैसूरहून हा पत्ता गाठताच येत नाही; एनएटीच्या मागे असलेला संच बाहेर जोडणी उघडू शकतो, पण बाहेरच्याला आत शिरता येत नाही. सेवा पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या पातळीवरही एनएटी लावला असेल (१००.६४ने सुरू होणारे पत्ते दिसले की हे ओळखावे), तर तुमच्या राउटरवर पोर्ट उघडूनही उपयोग नाही. व्हीपीएन टाकला तरी दोन गावांचे सारखे पत्ते एकमेकांवर आदळणारच. म्हणून संचाची ओळख आयपी पत्त्यावर न ठेवता अनुक्रमांकावर ठेवावी.

यावरून प्रोटोकॉलांचे दोन गट पडतात. पिंग, एसएनएमपीची विचारणा, उपकरणाच्या एचटीटीपीएस एपीआयला केलेली विनंती यांत केंद्र आत जाते. ट्रॅप, सिस्लॉग, वेबहुक, वेबसॉकेट, एमक्यूटीटी यांत उपकरण बाहेर येते. सीमा ओलांडायची असेल तर दुसरा गट. आमच्याकडे मुले वैशिष्ट्यांचा तक्ता करून गुण देत बसतात. त्याऐवजी आधी जाळ्याच्या चित्रावर बाणांची दिशा काढा, निम्मे पर्याय तिथेच गळतात.

एमक्यूटीटीची कथा इथे सांगण्यासारखी आहे. १९९९मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी तो तयार केला तो उपग्रहावरून तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. दुवा महाग, अरुंद आणि तुटणारा, म्हणून निरोप लहान आणि जोडणी उपकरणाच्या बाजूने. त्यातली 'अखेरचे इच्छापत्र' ही सोय आपल्याला फार उपयोगी आहे. जोडणी उघडतानाच उपकरण मध्यस्थाकडे, म्हणजे ब्रोकरकडे, एक निरोप ठेवते: मी न सांगता गेलो तर हे सर्वांना कळव. हजेरीची मुदत ६० सेकंद ठेवली तर दीडपट, म्हणजे ९० सेकंद काहीच ऐकू आले नाही की ब्रोकर ते इच्छापत्र जाहीर करतो. जोडणी तुटली एवढेच त्यातून कळते, संच बंद पडला की नुसता दुवा, हे नाही. शिवाय बहुतेक कोडेक संच स्वतः एमक्यूटीटी बोलत नाहीत, मध्ये दुभाषी लागतो.

उपग्रहाचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडचे उदाहरण पाहू. २० सप्टेंबर २००४ला इस्रोने शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह सोडला. त्याआधीचे प्रायोगिक काम इन्सॅट-३बीवरून झाले. त्यात कर्नाटकातून विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आणि महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ होते. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. जमिनीवरून वर आणि परत खाली यायला प्रकाशाच्या वेगानेही पाव सेकंदाच्या जवळपास लागतो. विचारणा आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद. समजा अशा दुव्यापलीकडे ६० संच आहेत आणि प्रत्येकाकडून २० मूल्ये एकामागून एक विचारायची आहेत. एका संचाला १० सेकंद, साठांना १० मिनिटे. दर पाच मिनिटांनी विचारणा करायचे ठरवले असेल तर पहिली फेरी संपण्याआधीच दुसरी सुरू होईल! एकाच विनंतीत वीसही मूल्ये मागितली, किंवा २सीमधली 'गेटबल्क' वापरली, तर साठ संचांची फेरी अर्ध्या मिनिटात आटोपते. बँडविड्थ तीच, प्रोटोकॉल तोच, फक्त फेऱ्या कमी.

मग साधन कोणते? माझी पसंती प्रत्येक गावी एक छोटा संग्राहक ठेवण्याला आहे. जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय पुरतो. तो आतल्या जाळ्यात संचांशी एसएनएमपी आवृत्ती ३ आणि एपीआयने बोलतो आणि स्वतः टीएलएसने म्हैसूरकडे एकच बाहेरची जोडणी उघडतो. झॅबिक्समध्ये याला 'अॅक्टिव्ह प्रॉक्सी' म्हणतात. दुवा तुटला तर तो मोजमापे साठवून ठेवतो आणि जोडणी आली की पाठवतो. प्रोमेथिअससारख्या साधनाचा स्वभाव आत जाऊन ओढून आणण्याचा आहे, त्यामुळे सीमेपलीकडे तो जसाच्या तसा चालत नाही, हे निवडताना पाहावे.

आवाजाचे मोजमाप

आता राहिलेला थर. आरटीपीवर आवाज आणि चित्र धावत असताना आरटीसीपी त्यांच्या सोबत असतो (आरएफसी ३५५०, २००३). घेणारा संच देणाऱ्याला कळवतो: मागच्या अहवालापासून पॅकेटांचा किती हिस्सा हरवला, एकूण किती हरवली, आणि पॅकेट येण्याच्या वेळांत किती चढउतार म्हणजे जिटर आहे. हरवलेला हिस्सा २५६पैकी किती असा दिलेला असतो. १३ आकडा आला तर सुमारे पाच टक्के.

जिटर मिलिसेकंदांत नसून प्रवाहाच्या घड्याळाच्या ठोक्यांत असतो, आणि इथे एक गंमत आहे. जी.७२२ सेकंदाला १६,००० नमुने घेतो, पण आरटीपीमध्ये त्याचे घड्याळ ८,०००चे धरले जाते. जुन्या आरएफसीत तसे चुकून लिहिले गेले आणि मागच्या उपकरणांशी जुळते राहावे म्हणून पुढे तसेच ठेवले. २४० ठोके आले तर जिटर ३० मिलिसेकंद. १६,०००ने भागणाऱ्याला १५ दिसतील आणि निम्मा त्रास लपून राहील.

कोडेक बदलल्याची खूणही इथेच मिळते. आरटीपी पॅकेटच्या शीर्षात प्रकाराचा क्रमांक असतो: ९ म्हणजे जी.७२२, ० किंवा ८ म्हणजे जी.७११. बहुतेक संचांची एपीआय चालू कॉलचा कोडेक, हानी आणि जिटर वाचू देते, त्यामुळे पॅकेट उघडून पाहण्याची गरज पडत नाही. संग्राहकाने कॉल चालू असताना दर दहा-पंधरा सेकंदांनी हे वाचावे आणि क्रमांक ९वरून ८वर घसरला की म्हैसूरच्या पडद्यावर लगेच सूचना यावी, बाई 'स' ऐकत असतानाच. तास संपल्यावरच्या सरासरीत ही घसरण विरघळून जाते.

एक गोष्ट कोणताच प्रोटोकॉल सांगत नाही. गोंगाट कमी करणारी यंत्रणा 'स'सारख्या घर्षक ध्वनीलाच गोंगाट समजू शकते. ती चालू आहे की बंद, एवढे एपीआयमधून कळेल. आवाजाचे काय झाले ते कळणार नाही. त्यासाठी सकाळी कामाआधी एक चाचणी-कॉल लावून ध्वनिमुद्रित वाक्य एका टोकाला वाजवावे आणि दुसऱ्या टोकाला मुद्रित करून दोन्हींचे वर्णपट ताडून पाहावेत. एकसुरी शिट्टी वाजवू नका, गोंगाट काढणारी यंत्रणा ती हमखास गिळते.

किल्ली कोणाकडे?

एपीआय सगळ्यांत जास्त सांगते, म्हणून विद्यार्थ्यांना ती सर्वांत आवडते. पण ज्या खात्याने कोडेक वाचता येतो, त्याच खात्याने अनेक संचांवर कॉल उचलता येतो, मायक्रोफोन उघडता येतो, कॅमेरा फिरवता येतो. उपचाराच्या खोलीत मूल आणि त्याची आई बसलेली असते. देखरेखीसाठी फक्त वाचण्याचा हक्क असलेले वेगळे खाते करावे. संच तशी सोय देत नसेल तर मी त्याची एपीआय देखरेखीला वापरणार नाही, एसएनएमपी आणि एसआयपीवर भागवेन. कमी दिसले तरी चालेल. कॉलच्या नोंदींत कोण कोणाशी केव्हा बोलले हे असते, आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर अशा नोंदी किती दिवस ठेवायच्या हे आधी ठरवून लिहून ठेवणे शहाणपणाचे.

नोंदींवरून वेळेचा मुद्दा. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई' या खटल्यात १ एप्रिल २००३ला सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे साक्ष नोंदवता येते असे ठरवले. अशा साक्षीत दुवा तुटला तर कोणत्या वाक्याला तुटला, हे महत्त्वाचे ठरते. जुन्या पद्धतीच्या सिस्लॉग नोंदीत वर्षही नसते आणि वेळेचा पट्टाही नसतो. संच जागतिक वेळेत लिहीत असेल तर साडेदहाची साक्ष पाच वाजताची दिसेल. आरएफसी ५४२४च्या सिस्लॉगमध्ये दोन्ही असतात. सगळ्या संचांची आणि संग्राहकांची घड्याळे एनटीपीने एकाच स्रोताशी जुळवा, नाहीतर तीन गावांच्या नोंदी शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

सराव

तुमच्या महाविद्यालयातील एक व्हिडिओ कॉन्फरन्सिंग संच घ्या. संच नसेल तर दोन संगणकांवर एखादा मुक्त एसआयपी फोन बसवा. परवानगी घेऊन पुढील गोष्टी करा. कॉल चालू असताना कॉल हाताळणारा प्रोग्राम थांबवा आणि पिंग व 'ऑप्शन्स' यांपैकी कोणाला किती सेकंदांत कळते ते नोंदवा. नंतर एका बाजूला फक्त जी.७११ चालू ठेवा, वायरशार्कमध्ये प्रकाराचा क्रमांक पाहा, आणि 'सशाची शेपटी' हे शब्द दोन्ही कोडेकवर मुद्रित करून त्यांचे वर्णपट काढा. शेवटी दुसऱ्या संगणकाला एनएटीमागे ठेवून वरच्या कोणत्या तपासण्या बंद पडल्या, याची यादी करा.